आजीने लुटलेल्या वाट्या

माझ्या एका कादंबरीतल्या दोन प्रकरणांचे इंग्रजी भाषांतर करण्याची हौस गेल्या वर्षी एका तरुण प्राध्यापकांना आली. कादंबरी तशी जुनीच. तिच्या पाचशे प्रती खपायला नऊ वर्षे लागली. तेव्हा इंग्रजीत ती कोण वाचणार, हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही आणि स्वतःलाही विचारला नाही. आपले लिहिणे परक्या लिपीत कसे दिसते हे पाहण्याचा मोह कोणाला सुटतो? माझे इंग्रजी शालान्त परीक्षेपर्यंतचे. पाने आली तशी कोश मांडीवर घेऊन बसलो, आणि दुसऱ्याच पानावर आजीपाशी येऊन अडलो.

मूळ वाक्य साधे आहे : ‘त्या संक्रांतीला आजीने पितळेच्या अकरा वाट्या लुटल्या.’ प्राध्यापकांनी इंग्रजीत क्रियापद योजले होते तेही ‘लूट’च. म्हणजे झाले काय, की जिने उभ्या जन्मात शेजारणीच्या परसातला कढीलिंबसुद्धा विचारल्यावाचून तोडला नाही, त्या माझ्या आजीने भर संक्रांतीच्या दिवशी कोणाच्या तरी घरावर धाड घालून अकरा वाट्या पळवल्या, अशी नोंद इंग्रजी वाङ्मयात होऊ घातली होती. घरात आम्ही पोट धरधरून हसलो. “वाट्या सापडल्या का पण?” असे सौ. ने विचारले. धाकट्याने लगेच पोलीस होऊन पंचनामा सुरू केला.

हसू ओसरल्यावर मी प्राध्यापकांना फोन केला. ते गडबडले, पण हरले नाहीत. म्हणाले, “सर, शब्द तर तोच आहे. आपल्याकडूनच गेलेला आहे तिकडे.”

त्यांचे हे उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. शब्द आपल्याकडूनच गेलेला आहे, ही गोष्ट खरी. मग तिकडून परत येताना तो आजीला चोर ठरवतो, हे कसे?

लेकी-सुनांना सांगायला नको, पण पुरुष वाचकांसाठी सांगतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण ‘वाटत’ नाहीत, ‘लुटतात’. कोणी कंगवे लुटते, कोणी चाळण्या, कोणी स्टीलच्या डब्या. लुटणारी ही देणारी असते, घेणारी नव्हे. बोरन्हाणात लहानग्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, हलवा ओततात आणि जमलेली पोरे ती लुटतात. तिथे लुटणारा घेणारा असतो. दसऱ्याला आपण सोने लुटतो, म्हणजे आपट्याची पाने तोडून आणतो आणि लगेच वडीलधाऱ्यांच्या हातात ठेवतो. तिथे घेणारा आणि देणारा एकच. मजा लुटतो, सुट्टी लुटतो, तिथे तर कोणाचे काही जातच नाही. या दिवाळीत रस्त्यावरच्या साड्यांच्या दुकानांवर ‘महालूट’ अशी पाटी पाहिली असेल. दुकानदार स्वतःच्या दारावर दरोड्याचे आमंत्रण लावून बसतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. (नेमके कोण कोणाला लुटते, हे घरी आल्यावर पिशवी उघडली की कळते, ती गोष्ट वेगळी.)

हिंदीत लुटणाऱ्यासाठी ‘लूटना’ आणि उधळून देणाऱ्यासाठी ‘लुटाना’ अशी दोन रूपे आहेत. हिंदीने व्याकरणात भिंत घातली. मराठीने ती घातली नाही. घेणेही लुटणे, देणेही लुटणे. मग या दोहोंत समान काय? मला वाटते, उघडेपणा. लुटीला दिवस लागतो, माणसे लागतात, गलका लागतो. चोरीला रात्र लागते. एकट्याने, दाराची कडी लावून कोणाला काही लुटता येत नाही, ना वाट्या, ना गाव. दुसरी गोष्ट अशी, की लुटीत हिशेब मोडतो. वाणवाटपात कोणाला काय द्यायचे याची यादी नसते आणि गाव लुटणाराही पावती देत नाही. वस्तू एका धन्याच्या मुठीतून सुटून अनेक हातांत जाते, एवढेच लुटण्यात खरे. ती कोणी सोडली की कोणी सोडवली, हे बाकीच्या वाक्याने सांगायचे.

दसऱ्याची कथा याच अंगाने पुन्हा वाचून पाहावी. वरतंतूचा शिष्य कौत्स चौदा विद्यांची गुरुदक्षिणा म्हणून चौदा कोटी सुवर्ण मागायला रघुराजाकडे आला. राजा विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन बसलेला. अतिथीचे स्वागत मातीच्या पात्राने केले. याचक विन्मुख जाऊ नये म्हणून त्याने थेट कुबेरावर चालून जायचे ठरवले, आणि निघण्याआधीच सोन्याचा पाऊस पडला. कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात तो राजाच्या कोषागारात पाडला आहे. आपल्या आयाआज्यांनी तो आपट्याच्या झाडावर पाडला. कौत्स चौदा कोटींच्या वर एक नाणे घेईना. राजा उरलेले परत घेईना. लोककथा म्हणते, मग लोकांनी ते लुटले. आता नीट पाहावे : हे सोने आले ते स्वारीच्या धाकाने आले. कुबेराने काही हौसेने पाठवले नव्हते. म्हणजे आपल्या सर्वांत सोज्ज्वळ लुटीच्या मुळाशीही एक धमकी आहे. आणि तरीही दसरा आपण साजरा करतो तो धमकीचा नव्हे. दोन माणसांनी ‘मला नको’ म्हटले, त्याचा करतो. हे सगळे त्या एका क्रियापदात मावलेले आहे.

असा हा शब्द साहेबाच्या हाती पडला.

इंग्रजीला चोरीच्या शब्दांची मुळीच वाण नव्हती. पण एक गंमत आहे. त्यांचे या व्यवहारातले पुष्कळसे शब्द परक्या मुलखातून आलेले आहेत, आणि ते वस्तूंच्या नावांनी आले आहेत. ‘रॉब’ हे क्रियापद आणि ‘रोब’ हा पायघोळ अंगरखा, ही सख्खी भावंडे. पडलेल्या शत्रूच्या अंगावरून काढून घेतलेले कपडे, हा दोहोंचा मूळ अर्थ. ‘प्लंडर’ हा शब्द जर्मन. 1618 ते 1648 या तीस वर्षांच्या युद्धातून तो इंग्लंडात शिरला. मूळ अर्थ घरातले किडुकमिडुक, अंथरूण-पांघरूण. सैनिक काय उचलून नेत असत, ते शब्दानेच सांगून टाकले आहे. हिंदुस्थानात आल्यावर त्यांनी ‘ठग’ घेतला, ‘डकैत’ घेतला आणि ‘लूट’ घेतला. यातल्या डकैताला त्यांनी 1860 च्या दंडसंहितेत मानाची जागाही दिली. पाच किंवा अधिक जण मिळून जबरी चोरी करतील तर तो दरोडा, ही त्यातली व्याख्या; 2024 च्या जुलैपासून नवी न्यायसंहिता लागू झाली तरी पाचाचा आकडा कायम आहे. ‘लूट’ मात्र कायद्यात कधी शिरला नाही. तो छावणीत राहिला.

या छावणीतल्या शब्दांचा एक फार रसाळ कोश आहे, यूल आणि बर्नेल या दोघा साहेबांनी केलेला ‘हॉब्सन-जॉब्सन’. तो 1886 साली निघाला. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात त्याची एक पुनर्मुद्रित प्रत आहे आणि ती मीच अधूनमधून घरी आणतो, असे पाठीमागच्या तारखांवरून दिसते. त्यात ‘लूट’ची सगळी कुंडली आहे. 1788 सालच्या एका हिंदुस्थानी शब्दसंग्रहात तो इंग्रजी अर्थासह छापलेला सापडतो. पुढे चीनची 1841 ची लढाई, क्रिमियाचे युद्ध आणि आपले सत्तावन्न, या तिन्हींच्या दरम्यान तो हळूहळू खुद्द इंग्लंडात रुळला, असे कोशकार सांगतात. शेजारीच ‘लुटीवाला’ अशी वेगळी नोंद आहे. हा लुटीवाला म्हणजे एतद्देशीय बेशिस्त घोडेस्वार. टिपूचे, पेंढाऱ्यांचे, क्वचित आपलेही. गोरा शिपाई लुटीवाला असू शकतो, हे त्या नोंदीच्या मनातही येत नाही.

याहून मौज पुढे आहे. 1867 साली एका इंग्रज नौसेनाधिकाऱ्याचा खलाशी शब्दांचा कोश निघाला. त्यात ‘लूट’ या शब्दाची व्युत्पत्ती दिली आहे : हा शब्द चीनकडून घेतलेला. मद्रास-बंगालचे शिपाई कंपनीच्या जहाजांतून चीनला नेले, त्यांच्या तोंडून तो बंदरात पसरला, तिथे तो खलाशांनी उचलला. आणि उचललेल्या मालाची खूण पुसावी तसा त्याचा मूळ धनीही विसरून गेले. शब्द ‘लूट’, आणि त्याचीच मालकी हरवलेली!

त्याच चीनमधली आणखी एक गोष्ट. 1860 च्या ऑक्टोबरात इंग्रज आणि फ्रेंच सैन्याने पेकिंगजवळचा बादशहाचा उन्हाळी महाल लुटला आणि मग इंग्रज सेनेने तो जाळला. पंजाबी पलटणी बरोबर होत्या. महालात काही इवलीशी केसाळ कुत्री सापडली. त्यातले एक कप्तान साहेबांनी विलायतेला नेऊन 1861 साली व्हिक्टोरिया राणीला नजर केले. राणीच्या वाड्यात त्याचे नाव ठेवले ‘लूटी’. त्याचे तैलचित्रही काढून घेतले. विनोद म्हणूनच ठेवले असणार ते नाव, आणि विनोद बरा आहे. पण आपल्या संक्रांतीचा, बोरन्हाणाचा, आपट्याच्या पानांचा शब्द राजवाड्यात कुत्र्याच्या गळ्यात जाऊन पडला, हे वाचल्यावर मला काही वेळ पुस्तक मिटून बसावे लागले.

साहेबावर रागावण्याचे हे कारण नव्हे. यूल बंगालकडचा, बर्नेल मद्रासचा. महाराष्ट्रातल्या हळदीकुंकवाला त्यांना कोण बोलावणार? छावणीत हा शब्द जसा ऐकू आला तसा त्यांनी टिपला. शब्द अर्धाच गेला, कारण ऐकणारा एकाच प्रसंगी कान देत होता. टीकाकाराला खरी हरकत घेता येते ती दुसऱ्याच गोष्टीला. हा शब्द दुसऱ्यांच्या कृत्याला त्यांनी वापरला. स्वतःच्या कृत्याची सरकारी कागदावर नोंद करताना वेगळा शब्द काढला. तो शब्द ‘प्राइझ’.

आमच्या शाळेत बक्षीस-समारंभाला मुले ‘प्राइझ’चा दिवस म्हणतात. इंग्रजीत दोन निरनिराळ्या मुळांचे हे दोन शब्द आज एकसारखे लिहिले जातात. एक बक्षीस आणि दुसरा ‘पकडलेले’. युद्धात पकडलेली मालमत्ता राजाची. राजाने ती कृपावंत होऊन सैन्याला द्यायची. मग सेनापतीपासून शिपायापर्यंत हुद्द्याप्रमाणे तिची वाटणी करायची. त्यासाठी अधिकारी नेमलेले, वह्या ठेवलेल्या, लिलाव जाहीर केलेले. मी वर म्हटले की लुटीत हिशेब मोडतो. इथे हिशेब बसवला. पावती फाडली की ती लूट राहत नाही, अशी ही युक्ती.

आपल्या पुण्याचेच उदाहरण आहे. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीची लढाई झाली, त्याच महिन्यात पुणे पडले, आणि पुढच्या वर्षी पेशवाई बुडाली. पेशव्यांच्या आणि त्यांच्या माणसांच्या ठिकठिकाणी सापडलेल्या ऐवजाला ‘दख्खनचे प्राइझ’ असे नाव मिळाले. नाशिकचा म्हणून प्रसिद्ध असलेला हिराही याच पडझडीत कंपनीच्या हाती गेला. वाटणीवरून मग साहेबांतच जुंपली. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जचे मोठे सैन्य म्हणे आमचा वाटा, हिस्लॉपचे दख्खनचे सैन्य म्हणे आमचा. विश्वस्त म्हणून खुद्द वॉटर्लूच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनला बसवले, तरी तंटा वर्षानुवर्षे चालला.

याच प्रकरणातला एक खटला मला कादंबरीच्या विषयाइतका मोठा वाटतो. नारोबा गोविंद औटी हा पेशव्यांचा रायगडावरचा अधिकारी. 1818 च्या मे महिन्यात रायगड पडल्यावर तो पुण्यात आला. त्याच्यापाशी असलेला मोठा खजिना पेशव्यांचा, म्हणून इंग्रजांनी जप्त केला. तो वारल्यावर त्याच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकाने दावा लावला, की हे धन खाजगी आहे आणि लढाई संपल्यावर, शहरात कायद्याचा अंमल असताना, ते घेतले आहे. प्रतिवादी कोण? ज्यांच्या नावाने मुंबईत कॉलेज आहे ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, आणि कॅप्टन रॉबर्टसन. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला दाव्याच्या बाजूने! त्या न्यायाधीशांना मनोमन नमस्कार करावासा वाटतो. 1830 साली लंडनला प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. धन कोणाचे, हा प्रश्नच तिथे गौण ठरला. हे घेणे युद्धातले घेणे आहे; दिवाणी न्यायालयाला त्यात पाहण्याचा अधिकारच नाही, असे त्यांनी ठरवले. एकाच पेटीतल्या मोहरा. ‘घेतल्या’ म्हणावे की ‘पकडल्या’ म्हणावे, एवढ्यावर खटला उभा होता, आणि शब्द बदलताच न्यायाधीशाचे डोळे मिटले.

याच्या उलट एक मराठी पुस्तक ठेवून पाहावे. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी ते छापले. घरची ओढगस्त होती. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, लाखो रुपये दक्षिणेत जाणार, असे ऐकून हा भिक्षुक कोकणातून उत्तरेस निघाला. म्हणजे निघाला तो दक्षिणा लुटण्यासाठी, आपल्या चांगल्या अर्थाने. आणि सापडला 1858 च्या एप्रिलात झाशीमध्ये, ह्यू रोजच्या सैन्याने शहर घेतले त्या दिवसांत. तिथली त्यांची पाने सण असूनही मी वाचकांना सुचवतो. रडारड नाही, विशेषणे नाहीत. लुटीला एक उतरता क्रम आहे. आधी सोनेनाणे जाते, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडालत्ता, आणि शेवटी घरातले धान्य. स्वयंपाकघर कसे रिकामे होते हे भिक्षुकाला जसे दिसते तसे ते सेनापतीच्या खलित्यात कधी दिसायचे नाही. गोडसे भटजींचे मिळवलेलेही वाटेत लुटले गेले; घरी आली ती आईवडिलांसाठी खांद्यावरून आणलेली गंगेची कावड. एकाच माणसाच्या एकाच प्रवासात या शब्दाची दोन्ही टोके येऊन गेली. आपल्या गद्यात याला तोड मला तरी ठाऊक नाही.

इथवर लिहून मी थांबलो असतो, तर लेख सणाला शोभेसा झाला असता. साहेब वाईट, शब्द आपला चांगला. पण मी चौथीच्या वर्गाला शिकवतो. चौथीत आम्ही शिवचरित्र शिकवतो. एका दुपारी एका मुलीने हात वर करून विचारले, “गुरुजी, महाराजांनी सुरत लुटली म्हणजे चोरी केली का?” मुलगी खट्याळ नव्हे. तिला खरोखर भीती वाटली होती, आणि तिच्या बाकावरच्या दोघी माझ्याकडे नव्हे, तिच्याकडे रागाने पाहत होत्या.

मी त्या दिवशी वाईट उत्तर दिले. म्हटले, “लूट म्हणू नये, स्वारी म्हणावे.” मुलीने वहीत लूट खोडून स्वारी लिहिले. 2024 साली या एका शब्दावरून महाराष्ट्रात जाहीर वादंग माजला तेव्हा माझे हे चौथीतले उत्तर मोठमोठ्या माणसांच्या तोंडून मला पुन्हा ऐकू आले. प्राध्यापकांचा फोन ठेवल्यावर मात्र माझ्या लक्षात आले, की मी त्या वर्गात केले ते हुबेहूब ‘प्राइझ’चेच काम. कृत्य तेच ठेवून पाटी बदलली.

सुरत महाराजांनी दोनदा लुटली; 1664 च्या जानेवारीत आणि 1670 च्या ऑक्टोबरात. इंग्रजांच्या वखारीतली पत्रे आहेत, डचांची आहेत. तेव्हा इंग्रजीत ‘लूट’ हा शब्द अजून आलेलाही नव्हता. त्यांनी आपले जुने शब्द वापरून भरपूर शिव्या दिल्या. पण त्याआधी तीन वर्षे शाहिस्तेखान पुण्यात लाल महालात ठाण मांडून बसला होता आणि भोवतालचा मुलूख उजाड झाला होता, हेही तितकेच नोंदलेले आहे. तुमच्या बादशहाने मला सैन्य बाळगायला भाग पाडले, तेव्हा त्याचा खर्च त्याच्याच शहराने द्यावा, असा महाराजांचा युक्तिवाद इतिहासकारांनी दिला आहे. बर्नियर हा फ्रेंच प्रवासी लिहितो, की एका मेलेल्या दलालाचे घर, तो दानधर्मी होता म्हणून, वगळले गेले. हे सगळे चौथीतल्या मुलीला सांगता येते. लूट होती, दिवसाउजेडी होती, कोणी केली ते सांगून केली होती, आणि तिला कारण होते. चोरी नव्हती, कारण चोरी लपवायची असते. आणि ज्यांची घरे गेली त्यांना त्या कारणाने काही घर परत मिळाले नाही. मूल हे सगळे एका वेळी मनात ठेवू शकते. मोठ्यांनाच ते जड जाते.

शिवाय, शब्द खोडायचेच ठरवले तर किती मुलखातून खोडणार? 1742 पासून दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात होत्या. 1751 च्या तहात अलीवर्दीखानाने ओरिसा सोडला आणि साल दर साल बारा लाखांची चौथ कबूल केली. आपल्या बाजूने हिशेब इतका नेटका. आपल्या भाषेत बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार, इतकेच. बंगालीत त्याचा ‘बर्गी’ झाला, आणि बंगाली आया तान्ह्या मुलांना झोपवताना आजही त्याच्या नावाचे अंगाईगीत म्हणतात. तिथे जाऊन आपण ‘स्वारी’ म्हणा असे कोणत्या तोंडाने सांगणार? ‘लूट’ हा साहेबांच्या कोशात अर्धा गेला म्हणून मी रुसलो होतो. तो अर्धा आपल्याही घरी आहेच, आणि तो काढून टाकला तर उरलेला अर्धा, आजीचा, तोही खोटा पडेल.

त्या मुलीला मी पुढच्या आठवड्यात फळ्यापाशी बोलावून खोडलेला शब्द पुन्हा लिहायला सांगितला. तिने विचारले, “मग स्वारी खोडू?” मी म्हटले, “नको. दोन्ही राहू दे.”

प्राध्यापकांचे आणि माझे यावर पुष्कळ बोलणे झाले. त्यांनी आजीच्या वाक्यासाठी ‘दिल्या’, ‘वाटल्या’, ‘उधळल्या’ या अर्थांचे तीन-चार इंग्रजी शब्द सुचवले. पहिल्यात आजी धर्मादाय संस्थेची चिटणीस वाटे, शेवटच्यात उधळखोर सून. अखेर त्यांनी ‘दिल्या’ ठेवला. मी हो म्हटले. दुसरे काय म्हणणार?

खरी अडचण पुढच्याच वाक्यात निघाली. कादंबरी लिहिताना ती दोन वाक्ये मी शेजारी शेजारी लिहिली, तेव्हा त्यांत काही विशेष आहे असे मलाही जाणवले नव्हते. आमच्या घरी मागच्या खोलीत आजीची विधवा नणंद असे. संक्रांतीचे वाण सवाष्णींचे. तिला बाहेर बोलावण्याची सोय नव्हती, आणि आजोबांसमोर तर नव्हतीच. आजी बाजारातून वाट्या आणी त्या बारा. अकरा माजघरात, सगळ्यांच्या देखत, लुटायची. मूळ कादंबरीत पुढचे वाक्य असे आहे : ‘बारावी तिने मागच्या खोलीत चोरून दिली.’

प्राध्यापकांचा परवा पुन्हा फोन आला. “सर,” ते म्हणाले, “अकरा लुटल्या आणि एक चोरून दिली. याचे काय करू?” मी त्यांना दिवाळीनंतर घरीच या म्हटले आहे. बारावी वाटी अजून आमच्याकडे आहे; तिच्यात सध्या वाती असतात. म्हटले, आधी ती पाहून तरी जा.